फॅटी लिव्हर आणि सोलापुरी ताट : नुसतं तेल तोडून का भागत नाही

पोटाची सोनोग्राफी मूतखड्यासाठी काढलेली असते, नाहीतर विम्यासाठी. खडा सापडो न सापडो, रिपोर्टच्या तळाशी एक ओळ हमखास निघते : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. डॉक्टर घाईत असतात. ‘तेलकट कमी करा, चालायला जा’ एवढं सांगून ते पुढच्या पेशंटला आत बोलावतात. मग घरी फोडणीचं तेल निम्मं होतं, तुपाचा डबा वरच्या फळीवर जातो, आठ-पंधरा दिवस सगळं घर बेचव खातं. चहातली साखर मात्र होती तेवढीच राहते.

सरकारनेही या आजाराची दखल घेतली आहे. २०२१ मध्ये केंद्राने मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याबद्दलच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात भर आहे तो खाणंपिणं, वजन आणि हालचाल यांवर. पण ‘जीवनशैली बदला’ असं सांगितल्यावर भाकरी, शेंगा चटणी, आमटी-भाताच्या ताटातलं नेमकं काय उचलायचं आणि काय वाढायचं, हे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

## चरबी येते कुठून?

यकृत हा उजव्या बरगड्यांखालचा सव्वा ते दीड किलोचा अवयव. थोडीशी चरबी प्रत्येकाच्या यकृतात असते. ती पाच टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूमुळे होणारा प्रकार वेगळा. दारूशी संबंध नसलेल्या, लठ्ठपणा-मधुमेहाच्या कुळातल्या प्रकाराला २०२३ पासून ‘एमएएसएलडी’ असं नवं नाव दिलं गेलं आहे. रिपोर्टवर ते दिसलं तर नवा रोग समजून घाबरू नका, पूर्वीचा ‘एनएएफएलडी’च तो.

ही चरबी का साठते, ते कळायला आपलं मार्केट यार्ड पुरेसं आहे. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या येऊन थडकतात. लिलाव होऊन जेवढा माल बाहेर पडतो त्याहून जास्त आत येतो. शेड भरतात, उघड्यावर ढीग लागतात, कधी कधी एखाद्या दिवशी लिलावच बंद ठेवावा लागतो. कांद्यात खोट नसते, आवक-जावकीचा मेळ बसलेला नसतो. पण ढीग फार दिवस पडून राहिला की खालचा माल सडायला लागतो. यकृतात चरबी येते, काही तिथेच जळते, काही रक्तावाटे पुढे पाठवली जाते. येणारी जास्त आणि जाणारी कमी असं वर्षानुवर्षं चाललं की ढीग लागतो. काहींच्या बाबतीत त्या ढिगापायी पेशींना सूज येते, सुजेतून व्रण राहतात आणि यकृत हळूहळू कडक होत जातं.

आता ही आवक कोणत्या वाटेने होते ते बघा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला. तिच्यातला सुमारे ६० टक्के भाग आला होता अंगावर आधीच साठलेल्या चरबीतून. साधारण २५ टक्के चरबी यकृताने स्वतःच पिष्ट आणि साखरेपासून तयार केली होती. जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्क्यांच्या आसपास.

तेल तोडूनही रिपोर्ट तसाच का राहतो, ते या तीन आकड्यांत आहे. सगळ्यात मोठी वाट पोटाच्या घेरातून येते. इन्सुलिन नीट काम करत असलं की ते चरबीला तिच्या जागी धरून ठेवतं. पोट सुटलं की इन्सुलिनची ही पकड ढिली होते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेतही चरबी सुटून यकृताकडे वाहत राहते. दुसरी वाट चहा, भात, बिस्किटं आणि शीतपेयांची. आपण राखण करतो ती तिसऱ्या, सगळ्यात अरुंद वाटेवर.

## ‘ग्रेड वन आहे, म्हणजे काळजी नाही ना?’

सोनोग्राफीचा ग्रेड चरबी अंदाजे किती दिसते तेवढंच सांगतो. यकृतावर व्रण झालेत का, ते त्यातून कळत नाही. ग्रेड थ्री असून व्रण नसलेले लोक असतात आणि ग्रेड वन असून यकृत कडक व्हायला लागलेलेही असतात. शिवाय चरबी २० ते ३० टक्क्यांच्या खाली असली तर सोनोग्राफीला ती धडपणे दिसतही नाही.

पुढचा धोका ठरतो तो व्रणांवरून, म्हणजे फायब्रोसिसवरून. त्याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीतून निघतो. त्याला ‘फिब-फोर’ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. वय गुणिले एसजीओटी वर, प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ खाली, आणि वरच्याला खालच्याने भागायचं. समजा वय ४८, एसजीओटी ४२, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार. ६४ चं वर्गमूळ ८. वर ४८ गुणिले ४२ म्हणजे २०१६, खाली २४० गुणिले ८ म्हणजे १९२०. उत्तर १.०५. हा आकडा १.३ च्या खाली असला तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला तर पोटविकारतज्ज्ञ गाठायला हवा. मधल्यांसाठी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी असते. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे गणित फारसं भरवशाचं नाही.

डॉक्टरांना ‘ग्रेड किती?’ याच्या जोडीला ‘फिब-फोर किती?’ हेही विचारा. आणखी एक गोष्ट सहसा कानावर येत नाही : फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं कारण यकृत निकामी होणं हे नसून हृदयविकार हे आहे. त्यामुळे इथे ताटात जे बदल सांगतोय, ते हृदयाच्याही कामी येणारे आहेत.

## ‘दारूला शिवलो नाही, अंगानेही बारीक आहे’

हे तर आपल्याकडचं खास दुखणं. वजनकाट्यावर सत्तर किलोही भरत नाहीत, हातपाय काटक, पण शर्टाची तेवढी पोटावरची गुंडी ताणलेली. भारतीयांत चरबी पोटात आणि आतल्या अवयवांभोवती लवकर साठते, स्नायू तुलनेने कमी असतात. म्हणून आपल्यासाठी मापंही कडक आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर ही हद्द. त्यात काहींच्या अंगात आनुवंशिकताही असते. ‘पीएनपीएलए-३’ या जनुकाचा एक प्रकार असला की चरबी लवकर साठते.

घरात वजनकाटा नसला तर शिंप्याची टेप घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या पातळीवर. पँटचा नंबर हे काही माप नव्हे. आपण पँट पोटाच्या खाली घालतो.

आणि दारू? ज्याला फॅटी लिव्हर आहे, त्याने ‘आठवड्यातून एकदाच’ची सवलतही घेऊ नये. हा मुद्दा इथेच संपला.

## वजन किती उतरवायचं?

वजनाच्या पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं की सूज ओसरू लागते. दहाच्या वर गेलं तर व्रणही भरून येऊ शकतात. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून हे पाहिलं गेलं, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे व्रण कमी झाले.

आता त्याच अभ्यासातली दुसरी बाजू : तिथपर्यंत पोहोचले जेमतेम दहा टक्के लोक. म्हणजे काय खायचं ही अडचण नाहीच, ते वर्षभर खात राहणं हीच अडचण आहे. ऐंशी किलोच्या माणसाने सहा महिन्यांत सहा किलो उतरवले तरी फार मोठं काम झालं. मुळात बारीक असलेल्यांना तीन ते पाच टक्केही पुरतात.

घाई नको. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. लग्नाआधी पोरी-पोरं करतात तशी उपासमार केली तर अंगावरची चरबी भसाभस सुटून यकृताकडेच धावते, सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात ते वेगळेच.

## साखर : इथेच सगळ्यात जास्त हाताला लागतं

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उन्हाळ्यात चौकाचौकांत रसवंतीची घुंगरं वाजतात. पाहुणा आला की चहा, पाहुणा निघाला की चहा. साखरेविरुद्ध लिहायचं म्हणजे जरा जपूनच लिहावं लागतं.

साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज अंगभर वापरलं जातं. मेंदू, स्नायू सगळे घेतात. फ्रुक्टोजचा निपटारा मात्र मोठ्या प्रमाणात यकृतालाच करावा लागतो. एकदम भरपूर आलं की यकृत त्याची चरबी करून मोकळं होतं. वर सांगितलेल्या २५ टक्क्यांच्या वाटेवर सगळ्यात सुसाट धावणारी गाडी हीच.

चहाचा हिशेब करा. एका कपात दोन चमचे, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. दुकानात बसणाऱ्या माणसाचे दिवसाला चार कप सहज होतात : पस्तीस-चाळीस ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे गोडाचा एकही पदार्थ न खाता, नुसत्या चहानेच ही हद्द ओलांडली. उसाच्या रसाचा एक ग्लास तीस ग्रॅमच्या पुढे जातो. शीतपेयाची तीनशे मिलीची बाटलीही तेवढीच.

‘आम्ही गूळ वापरतो’ हे उत्तर लगेच येतं. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्यातला बहुतेक भाग तीच साखर असते. यकृताला रंग दिसत नाही. मधाचीही गत तीच. आणि ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा आणि पाम तेल तर असतंच.

फळांचं काय? अख्खं फळ खा. आपल्या डाळिंबात साखर आहे, पण दाणे चावून खाल्ले की तंतू पोटात जातात, वेळ लागतो, वाटीभर खाऊन माणूस थांबतो. त्याच डाळिंबाचा रस काढला की तीन-चार फळं एका ग्लासात दोन मिनिटांत संपतात. रस, मग तो ‘ताजा, साखर न घातलेला’ असला तरी, या आजारात औषध म्हणून पिऊ नये. दवाखान्यात भेटायला जाताना रसाचा डबा न्यायची आपली पद्धत आहे, ती जरा बाजूला ठेवा.

साखर कमी केल्याने खरंच फरक पडतो का? २०१९ मध्ये अमेरिकेत ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. सगळ्यांना फॅटी लिव्हर होता. अर्ध्या मुलांच्या जेवणातून वरची साखर जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्यांची २१ वरून २० वर. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आकड्यांत दिसत नाही. त्या मुलाला वेगळं ताट वाढलं नव्हतं, त्याच्या अख्ख्या घराचं जेवण बदललं होतं.

## ‘आम्ही तर ज्वारी खातो, मग कसं झालं?’

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीचं नाव राज्यभर चालतं, आणि या अभिमानातून एक समजूत तयार झाली आहे की भाकरी कितीही खाल्ली तरी चालते. ‘भाकरीने काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात एक तरी आजोबा म्हणतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि १० ग्रॅम प्रथिनं. सालासकटच्या गव्हाच्या कणकेत तंतू ११ ग्रॅम, प्रथिनं साडेदहा. पांढऱ्या तांदळात तंतू तीनच्याही खाली. भातापेक्षा भाकरी निश्चित चांगली. पण घरच्या चक्कीतून दळलेल्या कणकेच्या पोळीपुढे ती काही चमत्कार नव्हे, आणि दोन्हींत पिष्ट आहेच. सत्तर ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर तिच्यातून सुमारे २३५ कॅलरी मिळतात. अशा तीन भाकरी आणि वर भात झाला की ताटातली तीन चतुर्थांश जागा पिष्टाने घेतली. कडक भाकरी तर आणखी फसवी. पातळ, कुरकुरीत, हलकी लागते म्हणून बोलता बोलता चार कधी संपल्या कळत नाही.

ही फक्त सोलापूरची गोष्ट नाही. देशभरातल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीचे २०२५ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के पिष्ट-साखरेतून येते. तांदळाऐवजी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून त्या जागी प्रथिनं आली, तेव्हा तो कमी दिसला. फॅटी लिव्हर मधुमेहाचा सख्खा भाऊ, तेव्हा हे इथेही मनावर घ्यायला हवं.

मग भाकरी सोडायची का? मुळीच नाही. तिची सोबत वाढवायची. तीनाच्या दोन करा आणि रिकाम्या झालेल्या जागेत डाळ आणि भाजी येऊ द्या. आपल्या आमटीला कट असतो, तिखट असतं, पण डाळ बुडी मारून शोधावी लागते. ती आमटी घट्ट करा. आठवड्यातून दोनदा मटकीची किंवा हुलग्याची उसळ. पिठलं हे गरिबाचं जेवण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, बेसनात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर असतात. मेथीचा घोळाणा, कांदा, काकडी, मुळा, गाजर हे ताटाच्या कडेला चिमूटभर वाढायचे पदार्थ नव्हेत. अर्धं ताट त्यांचं आणि शिजवलेल्या भाजीचं. बसल्याबसल्या आधी भाजी आणि डाळ खायला सुरुवात केली की भाकरी आपोआप कमी लागते.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत रोजचं जेवण भातावर चालतं. तिथे भाकरीचा उपदेश करून उपयोग नाही. भात एका वेळेला, मापाची वाटी ठरवून. पप्पूची, म्हणजे त्यांच्या वरणाची, डाळ घट्ट आणि दुप्पट. पुलुसूमध्ये, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्शात, भाजीच्या फोडी जास्त. हे जमतं. रात्रपाळी करणाऱ्या यंत्रमाग कामगाराचं मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी व्हावं, पहाटे घरी येऊन पोटभर भात खाऊन लगेच झोपू नये.

## ‘शेंगा चटणी सोडू का?’

सोलापूरकराला विचारायचा हा शेवटचा प्रश्न, आणि उत्तर दिलासा देणारं आहे. शेंगदाण्यात चाळीस टक्क्यांवर स्निग्धांश असतो, पण तो बहुतांशी असंपृक्त, म्हणजे यकृताला कमी जाचणारा. बरोबर चोवीसेक टक्के प्रथिनं. एक मोठा चमचा चटणी म्हणजे ऐंशी कॅलरींच्या आसपास. दिवसाला एक-दोन चमचे खुशाल घ्या. वाटीभर चटणीवर तेलाची धार सोडून तिच्याबरोबर तीन भाकरी, हे मात्र दुसरं प्रकरण. जवस आणि कारळाची चटणीही आळीपाळीने असू द्या. रक्तदाब असलेल्यांनी चटणीतल्या मिठाकडे लक्ष ठेवावं.

स्निग्ध पदार्थांत प्रकाराला महत्त्व आहे, हे स्वीडनमधल्या एका प्रयोगात नीट दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जादा केक खायला दिले. निम्म्यांचे केक पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफूल तेलातले. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, साधारण १.६ किलो. यकृतातली चरबी मात्र पामवाल्यांची कितीतरी जास्त वाढली. आपल्याकडे पाम तेल आणि वनस्पती तूप येतं ते चहाबरोबरच्या खारी-बटरमधून, फरसाणातून, गाड्यावरच्या भज्यांतून. म्हणजे घरच्या फोडणीवर रुसायचं आणि बेकरीचा पुडा रोज फोडायचा, याला अर्थ नाही.

घरच्या तेलाचं माप महिन्यावर ठेवा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला तीन-सव्वातीन लिटर. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल आलटून पालटून चालतील. ऑलिव्ह तेलाची गरज नाही. भूमध्य समुद्राकाठचा आहार या आजारात सगळ्यात जास्त अभ्यासला गेला आहे, पण त्यातला गाभा आहे डाळी, भाज्या, दाणे, मासे, कमी साखर. तो आपल्या किराणा दुकानात मिळतो. वरणावर चमचाभर तूप घालायचं असेल तर घाला.

अंडी चालतात. चिकन, मासे चालतात. रविवारच्या मटणात तर्री आणि भाताचा डोंगर जास्त जड जातो. चार फोडी, रस्सा बेताचा, एक भाकरी, असं बसवा. कॉफी पिणाऱ्यांना आनंदाची बातमी म्हणजे दिवसाला दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात. अट अर्थातच बिनसाखरेची, आणि न पिणाऱ्याने मुद्दाम सुरू करण्याचं कारण नाही.

## ‘मी उपवास करतो, तो चालेल का?’

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर. एकादशी घराघरांत. पण एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात बटाटा आणि साखर घातली की यकृताच्या दृष्टीने तो उपवास उरतच नाही. भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक, काकडी, एखादं फळ, हा उपवास चांगला.

सोळा तास उपाशी आणि आठ तासांत जेवण, ही पद्धत सध्या फार चालते. तिची रोज थोडं कमी खाण्याशी तुलना करून पाहिली, तेव्हा दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. रात्री दहाला जेवणाऱ्याने आठच्या आत जेवायची सवय लावून घेतली तर लाभच आहे. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा आणि भाकरी-भात डॉक्टरांना न विचारता कमी करू नयेत, रक्तातली साखर एकदम उतरते. आणि ज्यांचं यकृत आकसून कडक झालं आहे, ज्याला सिरोसिस म्हणतात, त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांना लांब उपाशी राहणं आणि प्रथिनं तोडणं दोन्ही बाधतं.

## घरात दोन स्वयंपाक टिकत नाहीत

बाबांसाठी बिनतेलाची भाजी वेगळी, पोरांसाठी वेगळी, असं दोन महिनेही चालत नाही. करणारीचा जीव जातो आणि बाबा पोरांच्या भाजीत हात घालतातच. त्या अमेरिकेतल्या मुलांसारखं सगळ्या घराचंच जेवण थोडं सरकवावं लागतं. यात घरातल्या बाईचाही विचार व्हावा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात संपवणारी, विड्या वळत तासन्‌तास बसून असणारी तीच असते, आणि तिची सोनोग्राफी सहसा कुणी काढत नाही.

वर्षाचं जेवण वर्षाच्या हिशेबाने बघा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, संक्रांतीला शेंगापोळी असते, हुरड्याचे दिवस असतात, मे महिन्यात आमरस. यातलं काहीही कायमचं बंद केलं तर तो आहार फेब्रुवारीत मोडतो. शेंगापोळी सणाला खा, डब्यात भरून पंधरा दिवस खाऊ नका. हुरड्याला गुळाऐवजी दही आणि चटणी घ्या. वर्षातले वीस-पंचवीस सणावाराचे दिवस यकृत सहज सोसतं. उरलेल्या तीनशे चाळीस दिवसांचा चहा त्याला भारी पडतो.

जावक वाढवायला चालणं लागतंच. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. कंबर तलावाभोवती, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, जमेल तिथे. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत उरकायचं. वजन हललं नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, जोर असं ताकदीचं काही केलं तर स्नायू वाढतात आणि साखर त्यांच्याकडे वळते.

## काढा, डिटॉक्स, गोळी

यकृत धुऊन काढणारा रस अस्तित्वात नाही. यकृत स्वतःच शरीराची सफाई करतं, त्याची सफाई बाटलीने होत नाही. ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ हेही खरं धरू नका. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे-गोळ्या घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईत नोंदवले गेले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झाल्याचं जगभर नोंदलेलं आहे. जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना दाखवा.

औषधं येऊ लागली आहेत. भारतात २०२० मध्ये ‘सॅरोग्लिटाझार’ला या आजारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये ‘रेस्मेटिरॉम’ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सेमाग्लुटाइड’ला मान्यता मिळाली, तीही व्रण मध्यम ते पुढच्या टप्प्यात असलेल्यांसाठी, आणि आहार-व्यायामाच्या जोडीने. ग्रेड वनच्या रिपोर्टवर स्वतःहून दुकानातून गोळी आणायची ही गोष्ट नव्हे.

## पुन्हा तपासणी कधी?

दर महिन्याला सोनोग्राफी काढून काही हाती लागत नाही; एक ग्रेड इकडेतिकडे होणं हे बघणाऱ्याच्या नजरेवरही असतं. घेर आणि वजन महिन्याला. तीन ते सहा महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, साखर, कोलेस्टेरॉल. फिब-फोर १.३ च्या आत असेल तर साधारणपणे दोन-तीन वर्षांनी पुन्हा, मधुमेह असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं समजू नका, फॅटी लिव्हर असलेल्या अनेकांचा तो नॉर्मलच असतो. वजन न घटवता आपोआप उतरू लागलं, डोळे पिवळे दिसले, पायावर किंवा पोटावर सूज आली, शौचाला काळी झाली, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.